वरच्या पाण्यातले मासे

१५ जून ९७, रविवार
सुजाता आली. बारडोलीच्या बसमधून उतरली तेव्हा खांद्यावर दप्तर, एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात जाऊबाईंचा प्रेशर कुकर. मला वाटलं, जाऊबाईंनी काहीतरी रांधून पाठवलं. घरी येऊन झाकण काढलं तर आत पाणी आणि पाण्यावर आठ मासे. करंगळीएवढे. सगळे वरच, जणू खाली जायला मनाई आहे.

"शिट्टी काढून टाकली होती काकू, हवा लागते ना त्यांना."

विज्ञानाच्या सरांची बदली झाली. जाताना ही वर्गात पहिली आली म्हणून हे बक्षीस दिलं. पंचॅक्स म्हणतात यांना. बादलीत सोडले. विचारलं, तुझी मम्मी आता भात कशात लावणार? "पातेल्यात. चालशे."

अकरावी सायन्स. दोन वर्षं ती इथे, सुरतेत, उधन्याला, आमच्याकडे.

दोन वर्षं!

१६ जून
सकाळी चहा गाळताना आतल्या खोलीत डोकावले. एक हात उशीखाली घालून झोपते. आमची वंदना सासरी जाण्याआधी अशी नव्हती झोपत. मी झोपते. आल्या आल्या माझी जुळवाजुळव सुरू. काय म्हणावं या मनाला.

एकदाच लिहून ठेवते, परत लिहिणार नाही. सु.ला मी जन्म दिला. सव्वा महिना माझ्याकडे होती. सव्वा महिना झाला आणि चार पाहुण्यांसमोर जाऊबाईंच्या ओटीत घातली. त्यांना नऊ वर्षं मूल नव्हतं, मला वंदना होती. कुणी बळजबरी केली नाही, मीच हो म्हटलं. बावीस वर्षांची होते. वाटलं, आपल्याला काय, अजून होतील. झाली नाहीत. भाऊजींनी शब्द घेतला होता की तिचं लग्न होईपर्यंत सांगायचं नाही. भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली. शब्द आहे तिथेच आहे.

ही वही मी घरी टीकी, म्हणजे चमकत्या टिकल्या, लावायला आणते त्या साड्यांच्या गाठोड्यात राहील. सु.ला मराठी वाचता येतं.

१९ जून
बादलीत जमणार नाही म्हणे. ह्यांनी काचेची दोन फुटी टाकी आणली. सुटीच्या दिवशी लूमचे मास्तर सहसा खाटेवरून उठत नाहीत, आज सकाळीच चौक गाठला. एवढी घाई कुणासाठी, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आम्हा दोघांनाही ऐकावं लागलं असतं.

आठही मासे वरच्या चार बोटांत. खालची सगळी काच रिकामी. हे म्हणतात, "खालचा मजला भाड्याने दे. उधन्यात उद्या सकाळपर्यंत जाईल." सु. हसून हसून खाली बसली.

२० जून
एक मासा उडी मारून बाहेर. मी टीकी लावत बसले होते, साडीवरच येऊन पडला. किंचाळले. सु.ने हात ओला करून उचलला, परत सोडला. "कोरड्या हाताने नाही काकू, त्याची कातडी जाते." वर राहणारे मासे उडतात म्हणे, माशी वगैरे पकडायला. झाकण पाहिजे, पण हवा जाणारं.

२२ जून, रविवार
झाकण मिळालं. ह्यांचे एक ओळखीचे प्रिंटिंग मिलमध्ये आहेत, त्यांनी साडी छापायची जुनी स्क्रीन दिली. लाकडी चौकट, त्यावर ताणलेली बारीक जाळी. जिथे रंग जायचा तिथे जाळी उघडी, बाकी लाखेने बंद. बरोब्बर बसली. वरचा दिवा लावला की पाण्यावर कोयऱ्या पडतात. मासे एका कोयरीतून दुसरीत जातात.

डिझाईन ओळखली मी. या साड्यांना टीकी लावलीय, दोन-तीन वर्षांपूर्वी. हिरवा आणि राणी, दोन रंगांत होत्या. सु.ला सांगितलं तर म्हणाली, "काकू, तू सगळं लक्षात ठेवते."

ठेवते.

३० जून
सु.चं कॉलेज सकाळचं. साडेबाराला येते, दप्तर टाकते आणि आधी टाकीपाशी. मग माझ्यापाशी. मला चालतं.

प्रत्येक माशाच्या कपाळावर एक पांढरा ठिपका आहे, वरून पाहिलं की चमकतो. मी त्यांना टिकलीवाले म्हणते. नर थोडे लांब, पंख पिवळे. त्यांच्यात जो सगळ्यांना मागे मागे पळवतो त्याला ह्यांनी नाव ठेवलं, शेठ.

आता मी दुपारी काम घेऊन टाकीजवळच बसते. ती येईपर्यंत यांना बघत. आधी वाटलं होतं मासे हे तिचं खूळ, सोसू. आता तीन वेळा मोजते, आठ आहेत ना.

६ जुलै, रविवार
सु.च्या डोक्याला तेल लावलं. म्हणजे तिनेच म्हटलं, "काकू, तेल लावून दे ना, मम्मी रविवारी लावून द्यायची." ओट्यावर बसवलं. केस दाट आहेत, माझ्या आईचे होते तसे. डाव्या कानामागे जुनी खूण, बोटभर, कातडी ओढल्यासारखी.

"हे काय गं?"

"जन्मापासून आहे, मम्मी म्हणते."

नव्हती.

सव्वा महिना रोज तेल लावलंय मी त्या डोक्याला. कानामागे, मानेच्या वळीत, काखेत. नव्हती.

७ जुलै
काल पुढे लिहिवलं नाही. विचारायचं कुणाला आणि कोणत्या हक्काने. देऊन टाकलेल्या वस्तूवर ओरखडा आला का म्हणून कुणी विचारत नाही. पोरगी काय वस्तू आहे, असंही मनात येतं. दिवसभर साडीवर टीकी वाकडी लागली, दोनदा उसवली.

१४ जुलै
सु. म्हणाली, यांना अंडी घालायला झाडपाला लागतो, नाहीतर दोऱ्यांचा झुबका पाण्यात लटकवायचा. दोरे! सुरतेत दोऱ्यांना काय तोटा. ह्यांच्या डब्याच्या पिशवीत रोज वेस्ट धाग्याचा गुंता येतोच. त्यातला हिरवा काढला, वेणी घातली, बुचाला बांधून सोडला. सु. कॉलेजमध्ये होती. म्हटलं, आल्यावर बघेल, खूश होईल.

आली, पाहिलं, गळ्यात पडली. "काकू, तू एकदम मस्त." अर्धा मिनिट.

१६ जुलै
दोन मासे मेले. बाकीचे सहा पाण्यावर तोंड काढून धापा टाकतात. सु. रडून रडून लाल. ह्यांनी पाण्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, अंगठ्यावर चोळलं.

"अगं, हे तेल शे. मशीनवर धागा तुटू नये म्हणून तेल लावलेलं असतं. धुतलं नही तू?"

कसं धुतलं नाही मी. ग्रे, म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं, कापड सोड्याने धुतल्याशिवाय रंग धरत नाही, हे उधन्यातलं शेंबडं पोर सांगेल. पंधरा वर्षं या धाग्यात काढली. तो तेलाचा पापुद्रा पाण्यावर पसरला आणि हे मासे नेमके तिथेच श्वास घेतात. खाली राहणारे असते तर एवढं झालं नसतं.

ह्यांनी वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर पसरून उचलला, तेल कागदाला लागून आलं. असं सात-आठ वेळा. सु.च्या नजरेला नजर द्यायला तयार नव्हते मी. तीच म्हणाली, "चालशे काकू. तू मुद्दाम थोडीच केलं."

मुद्दाम नव्हतं, पण खूश करायची घाई होती. त्या घाईनेच दोन गेले.

२८ जुलै
धागा सोड्यात दोनदा उकळून, सात पाण्यांनी धुऊन परत लावला. आज अंडी! साबुदाण्याहून बारीक, दोऱ्याला चिकटलेली. सु.ने चिमटीने एकेक काढली. आश्चर्य, फुटत नाहीत, चांगली टणक असतात. अकरा निघाली. लोणच्याच्या बरणीत ठेवली.

मी विचारलं, तिथेच ठेवली तर?

"खाऊन टाकतात."

"कोण?"

"तेच. आई-बाप. त्यांना थोडीच कळतं."

मी भाकरी थापायला उठले. कितीदा सांगितलं मनाला, मासे म्हणजे मासे. जिथे तिथे स्वतःला पाहत बसू नये.

९ ऑगस्ट
नऊ पिल्लं. डोळे आणि शेपूट, मधे काही नाहीच. तीही वरच तरंगतात. सु.ने जाऊबाईंना पत्र लिहिलं त्यात सगळं पिल्लांचंच. शेवटी लिहिलं, "काकू पण मजेत आहे." मी टपालात टाकायला नेलं म्हणून दिसलं. चिकटवलेलं नव्हतं. चोरून वाचलं नाही. वाचलं.

१३ ऑगस्ट
मोठ्यांना जिवंत खाणं लागतं. सगळ्यात आवडतं म्हणजे पाण्यातले मच्छरांचे किडे, वळवळणारे. न्हाणीच्या मागे एक बादली ठेवली, पाणी साचवून, त्यात दोन पानं टाकून. आठवड्यात बादली भरून वळवळ. चहाच्या गाळणीने काढते. मासे तुटून पडतात. सु. म्हणते सरांच्या टाकीतसुद्धा असे जाडे नव्हते.

२१ ऑगस्ट
म्युनिसिपालिटीची बाई आली, घरोघर हंडे-कुंड्या तपासत. आता महिन्यातून एकदा येतातच. "बेन, पाणी भरी राखता नथी ने?" मी म्हटलं, ना रे ना. बादलीवर जुनी साडी टाकून ठेवली होती. ती गेली, मी साडी काढली. मनात हसले, कशी फसवली.

सु. संध्याकाळी म्हणाली, "काकू, फेकून दिली असती तरी चाललं असतं, बाजारात सुकं खाणं मिळतं." मी म्हटलं, सुकं कशाला, मी आहे ना.

३ सप्टेंबर
सु.ला ताप. थंडी वाजून. दोन गोधड्या, वर माझी शाल.

५ सप्टेंबर
रक्त तपासलं. मलेरिया. डॉक्टर म्हणाले अर्ध्या उधन्याला आहे, घाबरू नका, गोळ्या कडू आहेत, पोट रिकामं ठेवू नका. घरी येऊन आधी न्हाणीमागे गेले. बादली रस्त्यावर ओतली, तिच्यावर पाय देऊन चेपली. फुटली नाही. प्लास्टिकची होती.

हे म्हणतात, "तुनी एक बादलीनं काय व्हयनं? खाडीला जाऊन बघ." असेल. नसेलही. कोणता मच्छर कोणत्या बादलीतला, कुणी सांगावं? पण झाकून कुणी ठेवली होती?

६ सप्टेंबर
ताप एकशे चार. ओल्या पट्ट्या ठेवतेय. दुपारी ती बडबडली. "मम्मी, ये ना. मम्मी, पाणी." मी पाणी दिलं. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा, "मम्मी कुठंय?"

एवढी जवळ बसले होते मी, पण तिला मी नको होते. वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याची लाज वाटली.

ह्यांनी बारडोलीला शाळेत फोन लावला. जाऊबाई तिथे मध्यान्ह भोजनाचं रांधतात. मुख्याध्यापकांनी निरोप दिला.

७ सप्टेंबर, रविवार
जाऊबाई सकाळच्या पहिल्या बसने आल्या. हातातली पिशवी उंबऱ्यातच टाकून आत गेल्या. सु.चं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावर हात ठेवला. पोर गप्प झाली. मी पट्टीची वाटी घेऊन उभी होते. वाटी त्यांच्या हाती दिली आणि चुलीशी जाऊन बसले.

पेज केली. त्यांनी भरवली.

९ सप्टेंबर
ताप उतरला. सु. उशीला टेकून बसली आणि पहिला प्रश्न, मासे. कुणी दिलं खायला? जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या काकूनं. तीन दिवस स्वतः जेवली नाही, पण माशांना दिलं." मला वाटलं नव्हतं त्यांचं लक्ष असेल.

११ सप्टेंबर
आज सांगून टाकलं. सु. पडली होती, आम्ही दोघी ओट्यावर मेथी निवडत होतो. म्हटलं, "ताई, न्हाणीमागे बादली मी ठेवली होती. मच्छरांचे किडे पाळत होते, माशांसाठी. म्युनिसिपालिटीवालीला दिसू दिली नाही."

म्हटलं आता बोलतील. बोलावंच. तुझ्याकडे तीन महिने ठेवली आणि हे केलंस, असं. मी तयारीने बसले होते.

त्या काड्या तोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिच्या कानामागचं पाहिलं तू?"

"हो."

"तीन वर्षांची होती. मी वरण उतरवलं, ती मागून आली. तुझ्या भाऊजींना मी म्हटलं, कमलला कळवू नका, ती पोर परत मागेल." निवडलेल्या मेथीतच त्यांनी काड्या टाकल्या, त्यांना कळलं नाही. "तेरा वर्षं माले रोज वाटस, तू पाहशील आणि विचारशील. तू विचारलं नाही."

मग मी मेथी परत निवडायला घेतली.

१२ सप्टेंबर
भाऊजी वारले तेव्हा बारडोलीला दहा दिवस एकत्र होतो, तेव्हाही आम्ही इतक्या जवळ बसलो नव्हतो. तेरा वर्षं त्यांनी कसं काढलं असेल? दर वेळी मी सु.च्या डोक्यावरून हात फिरवला की त्यांची नजर माझ्या बोटांवर. आणि मला वाटायचं, जाऊबाईंचं बरंय.

१४ सप्टेंबर, रविवार
जाऊबाई गेल्या. शाळेचं रांधणं किती दिवस दुसरीवर टाकणार. बसथांब्यावर मी पोचवायला गेले. बस दिसली तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "कमल, ती तुनी बी पोर शे. सांगी टाक."

"भाऊजींचा शब्द आहे, ताई."

"शब्द त्यांनी घेतला होता. मी परत देते. तापात ती मम्मी मम्मी करत होती आणि तू वाटी माझ्या हाती देऊन उठलीस. त्या दिवसापासून माले झोप लागनी नही."

बसमध्ये चढल्या. खिडकीशी बसल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही, समोर बघत होत्या.

सोळा वर्षं हेच हवं होतं मला. कुणीतरी सांग म्हणावं. आज मिळालं आणि घरापर्यंतचा रस्ता सरता सरेना.

१७ सप्टेंबर
सांगितलं नाही. सु.ला अशक्तपणा आहे.

१९ सप्टेंबर
सांगितलं नाही. तिची उद्या रसायनशास्त्राची चाचणी.

२३ सप्टेंबर
सांगितलं नाही. आज काही कारण नव्हतं. ती टाकीजवळ बसली होती, मीही. घरात तिसरं कुणी नाही. तोंड उघडलं आणि म्हटलं, "तुला शेंगदाण्याची चटणी करू का?"

मला भीती नक्की कशाची वाटते, ते आज भांडी घासताना सापडलं. ती रागावेल याची नाही. रागावू दे. ती विचारेल, "मग दिली का?" याची. आणि माझ्याकडे खरं उत्तर एकच आहे, की मला वाटलं होतं अजून होतील. हे कुठल्या तोंडाने सांगू पोरीला? तू जास्तीची वाटलीस म्हणून दिली?

ह्यांना विचारलं. हे लूमवरून थकून आलेले, जेवता जेवता म्हणाले, "मलाही हो म्हणताना तेच वाटलं होतं. दोघांचं मिळून सांग." इतकी वर्षं मला वाटत होतं, हे विसरले.

२६ सप्टेंबर
पिल्लं आता बोटाच्या पेराएवढी. सात उरली. कपाळावर टिकली उमटलीय सगळ्यांच्या. सु.ने त्यांना मोठ्या टाकीत सोडलं. मी म्हटलं, खाणार नाहीत?

"आता नाही. तोंडात मावत नाहीत ना."

"आपली आहेत हे कळतं?"

"काकू, मासे आहेत ते." आणि माझ्याकडे बघून हसली. शेठ एका पिल्लाच्या मागे पळाला, पिल्लू त्याच्याहून चपळ निघालं.

१ ऑक्टोबर
जाऊबाईंचं अंतर्देशीय. चार ओळी. खुशाली, सु.ला दूध दे, शाळेत नवी बाई आली. शेवटी, "सांगितलं का? नसेल तर सांगू नको. एकटी सांगू नको. मी येते. मी समोर असेन म्हणजे तिला वाटणार नाही की कुणीतरी तिला चोरलं." आणि खाली, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार आहे."

तीन वेळा वाचलं. जाऊबाई माझ्यापेक्षा दोन इयत्ता कमी शिकलेल्या. मला हे सुचलं नसतं.

५ ऑक्टोबर, रविवार
नवरात्र. सोसायटीत गरबा. सु.ला डॉक्टरांनी नाचू नको सांगितलंय, ओट्यावर बसून पाय हलवत होती. शेजारच्या बेननी विचारलं, "आ तमारी दीकरी?" ही तुमची मुलगी का, म्हणून. मी काही म्हणायच्या आत सु. म्हणाली, "भत्रीजी." पुतणी. सहज. तिला तेच खरं माहीत आहे.

मी बेनना पेढा दिला.

८ ऑक्टोबर
सु.ला सांगितलं, रविवारी मम्मी येणार. उड्या मारल्या. म्हणाली, मग मम्मीला टाकी दाखवू, मागच्या वेळी मी पडलेली होते, नीट पाहिलंच नाही तिने. काच पुसायला घेतली. चार दिवस आधीच.

तिच्याकडे बघत होते. किती आनंदात आहे. आम्ही तिघं मिळून या आनंदाचं काय करणार आहोत? न सांगता राहिलं तर काय बिघडतं, हेही मनात आलं. पण मग जाऊबाई तिथे जागणार, मी इथे. आणि उद्या लग्नाच्या मांडवात कुणी आगाऊ आत्या-मावशी तिच्या कानात फुंकणार. आमच्यात अशा चार आहेत. आमच्या तोंडून ऐकलेलं बरं.

आणि खरं सांगायचं तर मला हवंय. फक्त तिच्या भल्याचं म्हणून नाही. मला हवंय की तिने एकदा माझ्याकडे बघून जाणावं. एवढंच. आई म्हण असं मी म्हणणार नाही. तो शब्द ज्यांचा आहे त्यांचा आहे, वरण सांडलं तरी.

११ ऑक्टोबर, दसरा
सकाळी विहारात जाऊन आलो, पांढऱ्या साड्या. सु.ने बुद्धवंदना म्हटली, सगळी पाठ आहे तिला. जाऊबाईंनी शिकवली. दुपारी जेवण, पुरी-श्रीखंड. हे ताटात बघत जेवले. मीही. सु. म्हणाली, "तुम्ही दोघं भांडलात का?"

१२ ऑक्टोबर, रविवार
जाऊबाई साडेदहाला आल्या. कोरी साडी नेसून. एवढी इस्त्रीची घडी मी त्यांच्या अंगावर वंदनाच्या लग्नात पाहिली होती. सु.ने त्यांना हाताला धरून टाकीसमोर नेलं. तेरा मासे, एकेकाची ओळख. जाऊबाई हो हो म्हणत होत्या, बघत होत्या सु.कडे.

मग त्यांनी सतरंजी झटकून घातली आणि बसल्या. हे खाटेवरून उठून खाली त्यांच्या बाजूला बसले. मी चहाचं निमित्त करून आत आलेय. गाठोड्यातून वही काढली, या दोन ओळी घाईत. चहा तीनदा वर येऊन खाली बसला.

बाहेर सु.चा आवाज. "काय झालं? कुणी गेलं का? बोला ना." जाऊबाई म्हणतात, "तिला येऊ दे."

"काकू, ये ने लवकर! तुझ्याशिवाय कुणी बोलतच नाही."

सोळा वर्षं हा शब्द टोचला मला. काकू. दर वेळी. आणि आता चहाच्या पातेल्याशी वही धरून उभी आहे आणि वाटतंय, अजून एकदा हाक मारू दे, मग जाते.